टांग्यापासून एस.टी.पर्यंत

विहिरीवर मोटर बसवायची म्हणून आपण दुकानात जातो. दुकानदार पहिल्यांदा काय विचारतो? "किती एचपीची देऊ? तीनची की पाचची?" आपण म्हणतो, "द्या पाचची." पैसे मोजतो आणि मोटर घेऊन घरी येतो.

पण हे एचपी म्हणजे काय बरं? एचपी म्हणजे हॉर्सपॉवर. हॉर्स म्हणजे घोडा आणि पॉवर म्हणजे शक्ती. पाच एचपीची मोटर म्हणजे पाच घोड्यांच्या शक्तीची मोटर. विहिरीवर घोडा कुणी कधी जुंपला नाही. आपल्याकडे मोटेला बैलच असत. तरी माप मात्र घोड्याचे!

हे माप जेम्स वॅट याने घातले. अडीचशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. वॅटने वाफेचे इंजिन सुधारले आणि तो ते विकू लागला. घेणारे लोक हुशार. ते विचारायचे, "बाबा रे, माझ्या कारखान्यात इतके घोडे आहेत. तुझे यंत्र त्यातल्या किती घोड्यांचे काम करील ते सांग." मग वॅटने घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला. आज जे माप धरतात ते असे: पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उंच उचलले तर ती झाली एक अश्वशक्ती. म्हणजे पाऊण क्विंटलचे पोते एका सेकंदात कमरेएवढे वर!

आता गावातल्या दूधवाल्याची मोटारसायकल पहा. शंभर सीसीची साधी गाडी असली तरी तिच्यात साधारण आठ घोड्यांची शक्ती असते. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून तो पोरगा निघतो, तेव्हा आठ घोडे जुंपून निघालेला असतो. जुन्या काळी ज्याच्या दारात आठ घोडे, त्याला लोक सरदार म्हणत. दूधवाल्याला तसे कुणी म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी.

घोड्यापासून मोटारीपर्यंतचा हा प्रवास कसा झाला ते पाहू या. पण आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. पूर्वी सगळे लोक घोड्यावर बसून फिरत होते असे नाही. घोडा होता पाटलाचा, सावकाराचा, साहेबाचा. कुणब्याकडे बैलगाडी, आणि ज्याच्याकडे तीही नाही त्याचे वाहन म्हणजे त्याचे दोन पाय. बाजाराला पाच कोस चालत जायचे, पाच कोस चालत यायचे, डोक्यावर ओझे. बाया तर लेकरू कडेवर घेऊन चालत.

शिवाय आपला मुलूख डोंगराचा. चाकाला वाट हवी ना! सह्याद्रीच्या घाटांतून माल जायचा तो बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवर. वंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे मीठ आणि धान्य घेऊन घाट चढत-उतरत. बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा चांगला रस्ता झाला तो १८३० साली. आगगाडी १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ते अंतर एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर. पुढे रूळ घाटाच्या पायथ्यापर्यंत आले आणि अडले. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतही रूळ झाले, पण मधला घाट तसाच राहिला. तेव्हा लोक खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. १८६३ साली घाटातून रूळ पूर्ण झाले तेव्हा ही यातायात संपली.

टांगा आणि टांगेवाला

माझे लहानपण वाईजवळच्या एका गावात गेले. तेव्हा, म्हणजे १९६० नंतरच्या सात-आठ वर्षांत, स्टँडाबाहेर टांगे उभे असत. घोड्याच्या डोळ्यांना झापडे, गळ्यात घुंगरू, तोंडाला तोबरा बांधलेला. तोबऱ्यात चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे. टांगेवाला आम्हा पोरांना हाकलायचा, पण एखाद्याला पुढे आपल्याशेजारी बसवायचा. ते लाडाने नव्हे हो! टांग्याला दोनच चाके. मागे जास्त माणसे बसली की गाडी उलाळ होते आणि घोडा पुढून वर उचलला जातो. पुढे जास्त झाली की सगळा भार घोड्याच्या पाठीवर. म्हणून टांगेवाला माणसे पाहून बसवायचा. "मामा, तुम्ही पुढं या. मावशी, तुम्ही मागं." जाडजूड माणूस आला की त्याची जागा ठरलेली.

टांगेवाल्याला सारी घरे माहीत असत. बाई नुसती बसली आणि तिने बापाचे नाव सांगितले की टांगा दारात. पाटी नाही, तिकीट नाही. वाचायचे काही नाहीच. टांगेवाला एखादे वेळी पेंगला तरी घोडा वाट सोडत नसे. मोटारसायकलला हे साधत नाही. तिच्यावर पेंगलेला माणूस सरळ खड्ड्यात जातो.

पण या टांग्याला दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली अडचण घोड्याच्या पोटाची. मोटर बंद केली की ती तेल खात नाही. घोडा मात्र उभ्या उभ्या खातो. गिऱ्हाईक असो नसो, पाऊस असो, सण असो, गवत आणि चंदी चुकत नाही. रोज खरारा करायचा, नाल झिजले की नालबंदाकडे न्यायचे. घोडा आजारी पडला की टांगेवाल्याची चूल थंड. आणि घोडा दिवसभर सारखा पळू शकत नाही. चार फेऱ्या झाल्या की त्याला विसावा लागतो. पोटासाठी काही टांगेवाले तो विसावा देत नसत. पाच-सहा माणसे कोंबून चढावर चाबूक ओढलेला मी पाहिला आहे. तेव्हा त्यात काही वाटले नव्हते, आज वाटते.

दुसरी अडचण याहून मोठी. टांग्यात कोण बसणार हे टांगेवाला ठरवायचा.

१९०१ साली सातारहून चार पोरे निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांतले एक. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते, त्यांच्याकडे सुटीला जायचे होते. पोरे आगगाडीने मसूरला उतरली. पुढे बैलगाडी हवी होती. पण पोरे महारांची आहेत हे कळल्यावर कुणी गाडीवान त्यांना घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्याला तयार झाला, तेही अशा बोलीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ भाकरी होती, पण वाटेत प्यायला पाणी मिळेना. ती पोरे रात्रभर तहानलेली राहिली.

पुढे बाबासाहेब विलायतेला शिकले, बॅरिस्टर झाले. १९२९ साली ते चाळीसगावला गेले. तेथल्या लोकांनी त्यांना आपल्या वस्तीवर न्यायचे ठरवले. पण एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. टांगा भाड्याने देतो, पण हाकणार नाही, असे म्हणाले. मग वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्या बिचाऱ्याने टांगा कधी हाकला नव्हता. वाटेतल्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. या दोन्ही आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

विचार करा. मसूरपर्यंत त्याच पोरांना आगगाडीने आणले होते. स्टेशनावर तिकीट काढले, डब्यात बसली. तिकिटाच्या खिडकीत पैसे विचारतात. आगगाडीत शिवाशीव पाळली जात नव्हती असे मी म्हणत नाही. पाळणारे तिथेही पाळत. पण तिकीट घेतलेल्या माणसाला गाडीत बसू नको म्हणायची सोय कुणाला नव्हती. घोड्याची गाडी आणि तिकिटाची गाडी यांत मला हा फरक सर्वांत मोठा वाटतो. वेगाचा फरक त्याच्या मागून येतो.

मुंबईची ट्राम

तिकिटाची गाडी शहराच्या रस्त्यावर कशी आली, हे पाहायला मुंबईला जाऊ. तिथे घोडा, वीज आणि तेल एकामागून एक आले आणि साल-तारखेसकट त्याची नोंद आहे.

१८७४ सालच्या ९ मे रोजी मुंबईत घोड्याची ट्राम सुरू झाली. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत एक वाट आणि बोरीबंदरपासून पायधुणीपर्यंत दुसरी. रस्त्यात लोखंडी रूळ बसवले, रुळांवर डबा ठेवला आणि डब्याला घोडे जुंपले. तुम्ही म्हणाल, घोडाच ओढणार तर रूळ कशाला? त्यातच खरी मेख आहे. मातीच्या रस्त्यात चाक रुतते, दगडावर आपटते. लोखंडावर लोखंडाचे चाक घरंगळत जाते. म्हणून टांग्यात चार माणसे ओढताना दमणारा घोडा रुळावर कितीतरी जास्त माणसे ओढू शकतो. मोट ओढणारे बैल उताराच्या धावेवर चालतात म्हणून त्यांना सोपे जाते ना? तसेच हे. जनावर तेच, वाट बदलली.

कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे होत. आधी तिकीट देत नसत. पुढे भाडे दोन आण्यांवर आणले. फुकटे फार वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकिटे सुरू केली.

त्या कंपनीजवळ नऊशे घोडे होते असे सांगतात. जरा हिशेब करू या. एक घोडा दिवसाला दहा किलोच्या वर लीद टाकतो. दहाच धरू. नऊशे गुणिले दहा म्हणजे नऊ हजार किलो. म्हणजे रोज नऊ टन लीद! आणि हे फक्त ट्रामचे घोडे. व्हिक्टोरिया गाड्यांचे आणि साहेब-शेठजींच्या बग्ग्यांचे घोडे वेगळेच. एवढ्यांना गवत कुठून आणायचे, पाणी किती लागायचे! मुंबईच्या उन्हात ट्रामच्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत. घोडा यंत्र नसतो. उन्हाने तोही पडतो. अमेरिकेत १८७२ साली घोड्यांमध्ये साथ आली, तेव्हा मोठमोठ्या शहरांतल्या घोड्याच्या ट्राम बंद पडल्या. काही ठिकाणी माणसांनी गाड्या ओढल्या.

म्हणून सगळीकडे लोक घोड्याला दुसरे काही मिळते का ते शोधत होते. ट्रामपुरते उत्तर विजेने दिले. मुंबईत १९०५ साली वाडीबंदरला वीजघर बांधले, आणि १९०७ सालच्या ७ मे रोजी विजेची ट्राम धावली. रस्त्यावर तार ताणलेली. ट्रामच्या डोक्यावर एक लांब दांडा, तो तारेला टेकलेला. तारेतली वीज दांड्यातून खाली यायची, खालच्या मोटरीत जायची, मोटर चाके फिरवायची. तुमच्या पंपातली मोटर पाणी फेकते, ही मोटर चाक फिरवायची, एवढाच फरक. चूल एका ठिकाणी पेटवायची आणि भाकरी तारेने सगळ्या गावाला पोचवायची, असा हा प्रकार. घोड्यांचे तबेले गेले, लीद गेली. १९२० साली दोन मजल्यांची ट्राम आली. 

तेलाची गाडी

पण ट्राम रुळाची गुलाम. रूळ संपला की ट्राम संपली. वाटेत बैलगाडी आडवी आली तर ट्राम वळून जाऊ शकत नाही, घंटा वाजवीत उभी राहते. याला उत्तर मोटारीने दिले.

मोटार जर्मनीत जन्मली. कार्ल बेंझ नावाच्या कारागिराने तिचे हक्क १८८६ साली सरकारात नोंदवले. लोकांना ते खेळणे वाटले. मग १८८८ साली त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन ती गाडी चालवत माहेरी गेली, शंभर किलोमीटरांच्या आसपास! वाटेत इंधन संपले तेव्हा तिने ते औषधाच्या दुकानातून विकत घेतले, कारण पेट्रोलपंप जगात कुठे नव्हताच. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने माहेरची वाट धरून केला, हे मी मुलींच्या वर्गात नेहमी सांगत असे.

इंजिनाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. सायकलला हवा भरताना पंप खाली गरम लागतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. हवा दाबली की तापते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की ती अतिशय तापते. त्यात डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. पेटलेली हवा फुगते आणि दट्ट्या ढकलते. दट्ट्या दांडा फिरवतो, दांडा चाक फिरवतो. पेट्रोलच्या इंजिनात पेटवायला ठिणगी लागते, बाकी तत्त्व तेच. पूर्वीच्या टांग्याला मेहनत हरभऱ्यातून मिळायची, आता तेलातून मिळते.

आणि टायर? हवेचा टायर डनलॉप नावाच्या माणसाने १८८८ साली आपल्या नावावर नोंदवला. पोराची तीनचाकी फार आदळते म्हणून त्याने तो बनवला होता. हा डनलॉप धंद्याने गुराढोरांचा डॉक्टर. घोड्यांना औषध देणाऱ्या माणसानेच घोड्यांना रस्त्यावरून घालवायला हातभार लावला!

मुंबईत मोटारबस १९२६ सालच्या १५ जुलैला सुरू झाली, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. पण बस आली म्हणजे सगळे बसमध्ये बसले असे झाले नाही. दादरहून म्युझियमपर्यंत ट्रामचे तिकीट दीड आणा आणि तेवढ्याच वाटेला बसचे चार आणे! ट्राम गरिबाची आणि बस पांढरपेशाची, अशी वाटणीच पडली. लालबाग-परळचा गिरणी कामगार बस नुसती पाहायचा.  नवे वाहन आले की छापून येते. ते गरिबाला परवडू लागले ती तारीख फारशी कुणी लक्षात ठेवत नाही. मला विचाराल तर तीच तारीख मोठी.

ट्राम पुढे मागे पडली. १९६४ सालच्या ३१ मार्चला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला पाहायला रस्त्यावर गर्दी लोटली होती. घोड्याच्या व्हिक्टोरिया मात्र त्यानंतरही पन्नास वर्षे राहिल्या, हौशी लोकांना समुद्राकाठी फिरवायला. घोड्यांचे हाल होतात म्हणून प्रकरण कोर्टात गेले आणि २०१५ साली मुंबईच्या हायकोर्टाने त्या बेकायदा ठरवल्या. निकाल घोड्यांच्या बाजूचा होता आणि योग्य होता. पण गाडीवाल्यांच्या पोटाचे काय, हाही प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला.

आपली एस.टी.

ही झाली शहराची गोष्ट. खेड्यात बस आली ती खाजगी मालकांची. तिला वेळ नसे. गाडी भरली की सुटणार. मालकाच्या ओळखीचा पुढे बसणार, बाकीचे टपावर. आज आपल्याकडे वडाप चालते ना, अगदी तसे. जीपवाला "वाई, वाई, वाई" ओरडतो आणि दहाच्या जागी पंधरा कोंबल्याशिवाय हलत नाही.

१९४८ सालच्या १ जूनला सरकारी एस.टी. सुरू झाली. पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात. एस.टी.ने तीन गोष्टी आणल्या: ठरलेली वेळ, ठरलेले भाडे आणि पाटी. गाडीत चार माणसे असोत की चाळीस, वेळ झाली की घंटी वाजणार. सरपंचाला जे तिकीट तेच त्याच्या गड्याला. ज्यांना टांग्यात कुणी शेजारी बसू दिले नसते त्यांनीही तिकीट काढले आणि जागा धरली. पहिल्या दिवसांत कुरबुरी झाल्याच. पण गाडी कुणासाठी थांबली नाही.

फक्त पाटी वाचता येणे गरजेचे झाले. टांग्याला ती अट नव्हती.

माझी एक आत्या साताऱ्याजवळ दिलेली. माहेरी येताना तिला कुणी ना कुणी सोबत असे. १९६८ साली आजोबा फार आजारी पडले. निरोप गेला तेव्हा तिच्या घरी कुणी गडीमाणूस नव्हते. ती लेकराला घेऊन एकटीच सातारच्या स्टँडावर आली. वाईची पाटी कशी ओळखायची हे कुणीतरी तिला पूर्वी सांगितले होते: पहिले अक्षर 'व'. तिने 'व' ओळखला. गाडीही लगेच सुटणारी होती. ती आत चढली.

ती गाडी होती वडूजची.

वाई सातारच्या वरच्या अंगाला आणि वडूज उगवतीला, माणदेशाच्या वाटेवर. गर्दी इतकी होती की कंडक्टर मागच्या बाकापर्यंत येईतो कोरेगाव आले. "कुठं?" "वाई." "अहो बाई, ही वडूजची गाडी!" कंडक्टर भला माणूस होता. त्याने तिला कोरेगावला उतरवले, परतीच्या गाडीच्या कंडक्टरला सांगून दिले. ती अंधार पडल्यावर साताऱ्याला परत आली. वाईची शेवटची गाडी निघून गेली होती. रात्र स्टँडावर काढली.

आजोबा त्या पहाटे गेले. आत्या नऊच्या गाडीने आली.

ती दिवस होईपर्यंत राहिली. एके दिवशी दुपारी मी पाटीवर शुद्धलेखन लिहीत बसलो होतो. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाळ, वाईचा 'वा' कसा काढायचा, दाव मला." मी 'व' काढला आणि त्याच्यापुढे काना दिला. ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "एवढी एक काठीच व्हय रं?" मी म्हटले, "होय."

तेव्हा मी चौथीत होतो. पुढे पस्तीस-छत्तीस वर्षे मास्तरकी केली, पण माझी पहिली विद्यार्थिनी ती. तेराव्यापर्यंत तिला वाई, सातारा, पुणे आणि मुंबई एवढी नावे वाचता येऊ लागली. वडूज तिने हट्टाने शिकून घेतले. बाकीची बाराखडी पुढे तिच्या पोराच्या पुस्तकावरून झाली.

आज टांगा नाहीच. त्या टांगेवाल्याच्या मुलाने रिक्षा घेतली आणि आता नातू वडाप चालवतो. नालबंदाच्या जागी पंक्चरचे दुकान आहे. घोडे उरलेत ते महाबळेश्वरला पाहुण्यांना फिरवायला आणि माथेरानला, जिथे मोटारींना बंदी आहे. त्या माथेरानलाही २०२२ साली विजेच्या रिक्षांची चाचणी झाली. त्याच वर्षी १ जूनला एस.टी.ची पहिली विजेची गाडी निघाली. 'शिवाई' तिचे नाव, आणि वाट तीच, पुणे ते नगर. मुंबईच्या ट्रामला वीज तारेतून मिळायची. या गाडीला ती साठवून बॅटरीत भरून देतात, म्हणून तार लागत नाही आणि रूळही नाही. आवाज जवळजवळ नाही. धूर गाडीतून निघत नाही. ती वीज कोळसा जाळून केली असेल तर धूर तिकडे वीजघरात निघतो, हे मात्र लक्षात ठेवा.

भाड्याचेही बदलले. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तर वर्षांवरच्या माणसांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले. आमच्या भागातल्या कितीतरी बाया त्यानंतर पहिल्यांदा आपल्या मनाने, कुणाला पैसे न मागता, माहेरी जाऊन आल्या.

मागल्या वर्षी आत्याला घेऊन मी पुण्याला गेलो होतो. वय सत्त्याऐंशी. कमरेत वाकली आहे, पण नजर शाबूत. परतताना आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो. आता पुष्कळ गाड्यांना पत्र्याची रंगवलेली पाटी नसते. काळ्या पट्टीवर दिव्यांची अक्षरे असतात आणि ती एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला सरकत जातात. एक गाडी येऊन उभी राहिली. मी पिशव्या उचलल्या आणि म्हटले, "चल आत्या, हीच आपली."

ती हलली नाही. पदर डोळ्यांवर धरून पाटीकडे पाहत राहिली. अक्षरे आली आणि गेली.

"थांब मास्तर," ती म्हणाली, "परत येऊ दे ती. काना बघू दे मला."